वय अंदाजे वीस

वेटरनं टेबलावर चौथी बशी ठेवली तेव्हा कुठे आवारी गुरुजींनी मान वर केली. समोर मिसळ होती, पाव होते, दोन बटाटेवडे होते, जिलबी होती, आणि चहावर साय धरून तिला सुरकुत्या पडल्या होत्या. नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडसमोरचं ते हॉटेल सकाळी भरलेलं असतं. पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं त्यांच्या बशांकडे बघून आपसांत हसत होती. "हे एवढं कोणाचं?" गुरुजींनी विचारलं. वेटर पन्नाशीचा, खांद्यावर फडकं टाकलेला. तो म्हणाला, "तुमचंच की साहेब. मिसळ देऊ का म्हनलं, तुमी होय म्हनले. वडा देऊ का, होय. जिलबी आत्ताच काढली म्हनलं, त्यालाबी होय. मला वाटलं, आनखी कुनी येनार असंल संगं." गुरुजींना यातलं काहीही आठवेना. कोणीतरी काहीतरी विचारत होतं एवढं कानावर पडल्याचं आठवत होतं, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं. पण तो शब्द मात्र जिभेवर अजून ताजा होता. त्यांच्या गावाकडे कोणी होय म्हणत नाही; व्हय म्हणतात, नाहीतर हां म्हणतात. घरात ते स्वतःही व्हयच म्हणत. हा होय वेगळा होता. तो त्यांनी गेल्या शुक्रवारी मुंबईला, विधानसभेतल्या आपल्या बाकावर बसून, सात मिनिटांत दहा वेळा म्हटला होता. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला, तर तो गार होता. त्यांनी सगळ्याचे पैसे दिले, एक घासही न खाता उठले आणि एप्रिलच्या उन्हात येऊन उभे राहिले.

बारा वाजता कलेक्टर कचेरीत दुष्काळी कामांची बैठक होती. तिच्यासाठीच ते नगरला उतरले होते, निदान घरी तसंच कळवलं होतं. खरं काम शहराबाहेर, नागापूरला होतं. तिथल्या कारखान्यांच्या मागे जी नवी पत्र्याची चाळ झाली होती तिच्यात बनाबाई राहत होती, आणि बनाबाईला तोंड दाखवायचं होतं. काल दुपारीच जाता आलं असतं. काल ते विश्रामगृहातल्या पलंगावर पंख्याकडे बघत पडून राहिले होते. परवा, मुंबईहून निघताना, असं वाटलं होतं की सरळ घोटीवरून घरी, अकोल्याला जावं, नगरला जाऊच नये. मग आपोआप दिवस जातील, आणि दिवस गेले की माणसं विचारायची थांबतात. सूर्यभान आवारी आमदार होऊन वर्ष झालं होतं. त्याआधी एकोणीस वर्षं ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि लोक अजून त्यांना गुरुजीच म्हणत. मास्तर असताना पोरांनी गृहपाठ केला नसला की ती अशीच करत: शाळेकडे यायच्या ऐवजी ओढ्याच्या बाजूनं लांबून लांबून जात. त्या पोरांना ते हसत.

बनाबाईनं काही मोठं मागितलं नव्हतं. मोठं मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना या चार दिवसांत कितीदा वाटलं होतं. मोठ्या मागणीला नाही म्हणता येतं, करतो बघतो म्हणता येतं. गेल्या श्रावणात तिची मुलगी आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कातळवाडीला आली होती. कातळवाडी म्हणजे धरणाच्या पाण्यापलीकडची, डोंगराच्या काखेतली चाळीस घरं. वाडीला आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, तिच्यावर पाटी होती, दाराला कुलूप होतं. नर्सची जागा तीन वर्षं मंजूर होती आणि तीन वर्षं रिकामी होती. आक्का दोन दिवस अडली. मूल झालं, पण रक्त थांबेना. मग बांबूला गोधडी बांधून डोली केली आणि चार गड्यांनी तिला खांद्यावर घेतलं. सरकारी दवाखाना अकरा मैल. सहाव्या मैलाला, खिंडीत, मागच्या गड्याच्या लक्षात आलं की डोलीतून येणारा आवाज मघाशीच बंद झालाय. त्यानं ते पुढच्यांना लगेच सांगितलं नाही. आणखी अर्धा मैल ते तसेच चालत राहिले. हे त्या गड्यानंच गुरुजींना सांगितलं होतं, दिवाळीत, आणि सांगताना तो उगाच पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

चौकशी झाली. गुरुजींनीच अर्ज केला होता, म्हणून अहवालाची नक्कल त्यांच्याकडे आली आणि ती त्यांनी बनाबाईला वाचून दाखवली. 'एक आदिवासी महिला, वय अंदाजे वीस, प्रसूतीनंतर रुग्णालयात नेत असता वाटेत मयत.' बनाबाई ऐकत होती. म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. तिनं विचारलं, "आक्कीचं नाव कुठं हाय यात?" नाव नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला असेल. मग तो घडी घालून परत दिला. "गुरुजी, तिथं मुंबईला तुमी लोक बोलता ते लिवून ठिवत्यात म्हने." "ठेवतात. शब्दन् शब्द." "मंग माझ्या पोरीचं नाव तेवढं घ्या तिथं. नर्स येईल तवा येईल. नाव घ्या." गुरुजी म्हणाले, घेईन. किती सहज म्हणाले. शेवग्याच्या शेंगा घेऊन जा म्हटल्यावर माणूस बरं म्हणतो, तसं.

कारण नाव घेणं त्यांना अवघड नव्हतंच. ते नाव त्यांनी चार वर्षं रोज सकाळी घेतलं होतं. कातळवाडीला ते मास्तर म्हणून गेले तेव्हा रंभाजी, बनाबाईचा थोरला, शाळेत यायचा आणि त्याच्या मागोमाग ही सहा वर्षांची येऊन उंबऱ्यावर बसायची. आत ये म्हटलं तर येत नसे, घरी जा म्हटलं तर जात नसे. एके दिवशी हजेरी घेताना 'रंभाजी सहादू बांबळे' म्हणाले, आणि रंभाजी तापानं घरी होता, तर उंबऱ्यावरून बारीक आवाज आला, "हजर." सगळी पोरं हसली. गुरुजींनी तिला विचारलं, तू रंभाजी आहेस का? तिनं मान हलवली. "मग कोण?" ती म्हणाली, "आक्की." त्यांनी हजेरीपटात शेवटच्या ओळीत लिहिलं: आक्काबाई सहादू बांबळे. लिहिताना शाई पसरली होती, कारण पावसाळी हवेनं कागद दमट झाला होता. तो हजेरीपट पुढं शाळेचं छप्पर उडालं त्या वर्षी भिजून गेला. चौथीपर्यंत शिकलेली वाडीतली ती पहिली मुलगी. पाटीवर स्वतःचं नाव लिहिताना क्काचा काना ती इतका लांब ओढायची की तो पाटीच्या चौकटीला जाऊन टेकायचा. मग ती पाटी वर करून दाखवायची आणि हात दुखला तरी खाली घ्यायची नाही, गुरुजी बघेपर्यंत.

नागापूरची एस.टी. उशिरा आली आणि गर्दीनं आली. दारातल्या दांड्याला धरून गुरुजी उभे राहिले. उठून जागा द्यावी इतकी त्यांची ओळख या भागात नव्हती, आणि आज ते बरंच वाटलं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग होते, त्यांच्यामागे दुष्काळी कामावरची माणसं, बायाच जास्त, डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या. हातोडीचा आवाज गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हता, नुसते हात वर जाऊन खाली येताना दिसत होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हापासून सभागृहात दुसरा विषय नव्हता. असायलाही नको होता. पाथर्डीचे, जामखेडचे, कर्जतचे सदस्य उठत आणि बोलता बोलता त्यांचा आवाज जात असे. आधी अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा झाली, मग एकेका खात्याच्या खर्चाच्या मागण्या चर्चेला येऊ लागल्या. प्रत्येक मागणीला तास ठरवून दिलेले, आणि सगळ्या मागण्यांची मिळून एक शेवटची घटका ठरलेली: शुक्रवारी पाच वाजता. त्या वेळेपर्यंत ज्यांच्यावर बोलून होईल त्यांच्यावर होईल; उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय एकामागून एक मतास टाकून संपवायच्या. जुने सदस्य तिला हसत हसत फाशीची वेळ म्हणत. दुष्काळाच्या मागणीला दोन दिवस होते, त्याचे चार झाले. ते दोन दिवस कुठून तरी यायलाच हवे होते. ते आरोग्य, ग्रंथालयं, मत्स्यव्यवसाय असल्या खात्यांकडून आले. गुरुजी रोज संध्याकाळी कार्यक्रमपत्रिकेवर आरोग्याची मागणी खाली खाली सरकताना बघत होते आणि त्याबद्दल राग यावा तर डोळ्यांपुढे खडी फोडणाऱ्या बाया येत. लाखो माणसं उन्हात बसली असताना आपण एका बाईचं नाव घेऊन उभं राहायचं. आपल्या डोंगरात तर पाऊस बरा झालेला. कोणी तोंडावर म्हटलं असतं, तुमचं काय हो गुरुजी, तुमच्याकडे भात पिकला, तर काय उत्तर होतं?

पक्षाचे प्रतोद, म्हणजे कोणी केव्हा बोलायचं हे ठरवणारे, त्यांना लॉबीत भेटले होते. सज्जन माणूस, पाठीवर हात ठेवून बोलणारा. गुरुजींनी लिहून आणलेलं अर्ध्या पानाचं भाषण त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "चांगलं आहे. पण नाव कशाला? किती गावं आहेत पाण्यापलीकडं? वस्ती किती?" गुरुजींनी सांगितलं, सहा गावं, चार हजार. "मग ते सांगा. आकड्याला वजन असतं. नाव घेतलं की ते एका घरचं दुखणं होतं, गुरुजी. मंत्री काय, मोठ्या मनानं सहानुभूती दाखवतील आणि मोकळे होतील." यात वावगं काय होतं? गुरुजींनी खोलीवर जाऊन कागदावर आकडे घातले. नावही ठेवलं. नाव त्यांनी मुळीच खोडलं नाही, हे ते आजही कोणाला शपथेवर सांगू शकले असते. कागद अजून कोटाच्या आतल्या खिशात होता.

आणि शुक्रवारी पाचला पाच-सहा मिनिटं असताना अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं. "सन्माननीय सदस्य श्री. आवारी. दोन मिनिटं." गुरुजी उठले. एकोणीस वर्षं त्यांनी उभं राहूनच पोट भरलं होतं, चाळीस पोरांच्या गलक्यावर आवाज चढवला होता, पण त्या घुमटाखाली उभं राहिल्यावर त्यांना स्वतःचे बूट दिसले आणि त्यांच्या नाड्या दोन वेगळ्या रंगांच्या आहेत हे दिसलं. अर्धं सभागृह रिकामं होतं. उरलेले सदस्य एकमेकांशी बोलत होते. ते म्हणाले, अध्यक्ष महाराज, या अर्थसंकल्पाचं मी मनापासून स्वागत करतो. असंच सुरू करतात, सगळेच करतात. ते म्हणाले, टंचाईच्या अशा कठीण काळात शासनानं ज्या धैर्यानं. ते म्हणाले, माझ्या तालुक्यातल्या रस्त्यासाठी तरतूद केल्याबद्दल मी आभार. एकेक वाक्य तोंडातून आपण होऊन निघत होतं आणि पुढच्या वाक्याचा हात धरून त्याला बाहेर काढत होतं. मग त्यांनी आकडे सांगितले. मग त्यांना कागदावर तिचं नाव दिसलं, स्वतःच्या अक्षरात, आणि त्यांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "गेल्या श्रावणात एक आदिवासी महिला, वय अंदाजे वीस, प्रसूतीनंतर वाटेत मयत झाली." तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. घंटा त्या वाक्यानंतर वाजली, आधी नाही. ते खाली बसले. मंत्र्यांनी तीन मिनिटांत उत्तर दिलं. सन्माननीय सदस्यांनी एका महिलेचा उल्लेख केला, शासन रिक्त जागांचा जरूर विचार करील. पाच वाजले. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "मागणी मतास टाकण्यात येत आहे. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." होय. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं." समोरून थोडे आवाज. "होयचं बहुमत. मागणी मंजूर." आरोग्याची एक, आणि जिच्यावर कोणी अवाक्षर बोललं नव्हतं अशा आणखी नऊ. सातव्या का आठव्या वेळेला गुरुजींच्या लक्षात आलं की आपण कशाला होय म्हणतोय हे आपण ऐकतच नाही आहोत. शनिवारी सगळ्या खर्चाचं विनियोजन विधेयक आलं, तेही तसंच पार पडलं, आणि राज्याचा वर्षाचा कारभार कायदेशीर झाला.

यात एक गोष्ट राहिली, जिच्यामुळे त्यांना काल नागापूरला जाता आलं नव्हतं. वर, प्रेक्षकांच्या सज्जात, रंभाजी बसला होता. बनाबाईनंच त्याला पाठवलं होतं, तू जाऊन कानांनी ऐक आणि मला सांग म्हणून. नागापूरच्या कारखान्यात तो वर्षभर लेथवर होता. दोन दिवसांची रजा टाकून तो आला आणि गुरुजींनीच त्याला चार ते पाचचा पास काढून दिला होता. इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून, तो शाळेत बसायचा तसा पहिल्या रांगेत बसला होता. खाली बसल्यावर गुरुजींनी वर पाहिलं नाही. सभागृह उठल्यावर फाटकापाशी अर्धा तास उभे राहिले, रंभाजी आला नाही. तो तसाच गाडी धरायला गेला असावा. म्हणजे गेले तीन दिवस बनाबाईला सगळं ठाऊक होतं, आणि आता गुरुजी जात होते ते तिच्यासमोर मान खाली घालून बसायला. तिनं चार शिव्या दिल्या तर बरं, असं मनाशी म्हणत ते नागापूरच्या फाट्याला उतरले आणि कारखान्यांच्या भिंतीच्या सावलीनं चालत चाळीपाशी आले.

बनाबाई दारातच बसली होती. मांडीशी सूप, सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी, आणि शेजारी पोत्यावर आठ महिन्यांची नात पालथी पडून मान उचलू बघत होती. आक्काच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तेव्हा बनाबाईनं पोर उचलून आणली होती. दुधाची सोय होईल म्हणून नवऱ्याला, सहादूला, आणि शेताला वाडीवर ठेवून ती लेकाकडे इथं येऊन राहिली होती. गुरुजींना पाहताच तिनं सूप बाजूला सारलं, पदर डोक्यावरून घेतला आणि ती उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते गुरुजींना आधी ओळखताच आलं नाही. "या गुरुजी. मी म्हनलंच रंभाला, गुरुजी आल्याबिगर ऱ्हायचे न्हाईत." आत रंभाजी होता. त्याची दुपारची पाळी होती. तो खाटेवरून उठून उभा राहिला. गुरुजी खाटेच्या कडेला टेकले. "बनाबाई," ते म्हणाले, "मी एवढ्यासाठी आलोय की..." "मला समदं कळलं," ती म्हणाली. "रंभानं सांगितलं. तुमी उठले. हात जोडले. मंग आक्कीचं नाव घेतलं, बापाच्या नावासगट. वाडीचं नाव घेतलं. म्हने, समदी मान्सं गप झाली."

गुरुजींनी रंभाजीकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढत होता, पाठमोरा. "गुरुजी, पानी घ्या," तो म्हणाला आणि पेला पुढं केला, आणि पेला देताना क्षणभर त्यानं डोळ्याला डोळा दिला. त्या नजरेत राग असता तर गुरुजी बोलले असते. जे सांगायला ते आले होते ते घशापर्यंत आलेलं होतं, एक वाक्य, चार शब्द. पण ते वाक्य आता नुसतं त्यांचं राहिलं नव्हतं. ते म्हटलं असतं तर या खोलीत दोघं खोटे ठरले असते आणि त्यांतला एक तिच्या पोटचा होता. ते पाणी प्यायले. पाणी संपल्यावरही पेला तोंडाला लावून ठेवला.

"रंभाला काय धड सांगता येत न्हाई," बनाबाई म्हणाली. ती नातीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. "नुस्तं नाव घेतलं, नाव घेतलं, एवढंच म्हनतो. कसं घेतलं म्हनलं तर गपच बसतो. तुमी म्हनून दाखवा ना, गुरुजी. तिथं म्हनलं तसं."

"इथं?"

"मंग आमाला मुंबईला कोन नेतंय?"

रंभाजी म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. गुरुजी दमून आलेत."

"एवढंच तर मागती. कवा दुसरं काय मागितलं का मी?"

गुरुजी उठून उभे राहिले. कागद काढायची गरज पडली नाही. पत्रा इतका जवळ होता की डोक्याला त्याची धग लागत होती. समोर बनाबाईनं पदर सारखा केला, पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं, आणि देवळात बसतात तशी ती बसली. "अध्यक्ष महाराज," गुरुजी म्हणाले, आणि आपला आवाज ऐकून त्यांनाच नवल वाटलं. तो शाळेतला आवाज होता, मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "माझ्या तालुक्यात कातळवाडी नावाचं गाव आहे. तिथं आरोग्य केंद्र आहे आणि त्याला कुलूप आहे. गेल्या श्रावणात त्या गावची आक्काबाई सहादू बांबळे ही मुलगी बाळंत झाली. रक्त थांबेना म्हणून तिला डोलीत घातलं. अकरा मैलांवर दवाखाना होता. सहाव्या मैलाला आक्काबाई गेली. ती माझी विद्यार्थिनी होती. चौथी पास होती. शासनाच्या कागदात तिला एक महिला म्हटलंय, आणि तिचं वय अंदाजे वीस लिहिलंय. अंदाज करायची गरज नव्हती. तिच्या आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिचं नाव आक्काबाई. मी या सभागृहात ते घेतो आहे, ते लिहून घ्यावं." एवढं बोलून ते थांबले. शेवटची वाक्यं कागदावर नव्हती. ती आत्ता, इथंच, त्यांना सुचली होती.

बनाबाईचे डोळे भरले नाहीत. तिनं दोन्ही हात जोडून, बोटांत पोरीची मूठ तशीच धरून, कपाळाला लावले. मग विचारलं, "मंग पुढं? कोन काय बोललं?"

"कोणी काही बोललं नाही," गुरुजी म्हणाले.

"गप ऱ्हाईले म्हंजी ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "अन् ते आता तिथं ऱ्हाईल ना? तुमी-आमी गेलो तरी?"

"राहील."

"बास झालं." तिनं नातीचं डोकं थोपटलं, मग ती उठली आणि म्हणाली, भाकरी टाकते, खाऊनच जा. गुरुजी म्हणाले की बारा वाजता बैठक आहे. तिनं आग्रह केला नाही; मोठी कामं असतात तुमाला, म्हणाली. निघताना तिनं त्यांच्या पिशवीत गावाकडच्या तांदळाची पुरचुंडी टाकली. त्यांनी ती नको म्हटली तेव्हा तिला खरोखर वाईट वाटलं, म्हणून घेतली.

रंभाजी फाट्यापर्यंत पोचवायला आला. दोघं भिंतीकडेनं चालत होते. सावली आता वीतभरच उरली होती आणि ती रंभाजीनं गुरुजींना सोडली होती, स्वतः उन्हातून चालत होता. आतून यंत्रांची घरघर येत होती. गुरुजींनी विचारलं, "तू तिला तसं का सांगितलंस?"

"आई स्टँडवर आली हुती मला घ्यायाला," रंभाजी म्हणाला. "मी येनार दुसऱ्या दिशी सांजच्या गाडीनं, अन् ही दुपारपासनं पोर कडंवर घेऊन बसलेली. मला बघितलं अन् उठून उभी ऱ्हाईली. काईच इचारलं न्हाई तिनं. नुस्तं बघत हुती. मी काय सांगायचं हुतं, गुरुजी?"

गुरुजींनी कोटाच्या खिशातल्या कागदाला हात लावला. ते म्हणाले, "दोनच मिनिटं होती रे. घंटा..."

"घड्याळ माझ्या समोरच हुतं," रंभाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. लेथवरच्या कामाचं माप सांगावं तसा तो बोलत होता. "आत्ता घरात बोलले तेवढं बसलं असतं त्यात."

"बसलं असतं," गुरुजी म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्थसंकल्प येईल. तेव्हा मी नक्की..."

"आता कशापायी? तिनं ऐकलंय आता."

फाटा आला. झाड नव्हतं, नुसता मैलाचा दगड होता आणि त्याच्यापाशी दोन माणसं गाडीची वाट बघत उभी होती. त्यांच्यापासून जरा लांब रंभाजी थांबला. पिशवी त्यानं गुरुजींच्या हातात दिली. "एक सांगू का, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमी आता आमच्याकडं येत जाऊ नका. तुमी आले की आई पुन्यांदा म्हनायला लावील. तुमी म्हनाल. अन् मला तिथं उभं ऱ्हाऊन ऐकावं लागंल."

गुरुजींनी मान हलवली. रंभाजी खाली वाकला, शाळा सुटताना सगळी पोरं करत तसा त्यानं त्यांच्या पायांना हात लावला, आणि वळून चाळीकडे चालू लागला. मनमाडच्या बाजूनं एस.टी. आली. त्या दोन माणसांनी हात केला, गाडी थांबली, ती चढली. कंडक्टरनं दारातून वाकून गुरुजींना विचारलं, "बाबा, यायचं का?" गुरुजी तांदळाची पिशवी छातीशी धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण तो होय काही त्यांच्या तोंडून निघेना. कंडक्टरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि दोरी ओढली.